ऐकू आले नाही

आमच्या शाळेच्या माडीवर, नकाशांच्या खोलीला लागून, एक चिंचोळी खोली आहे. एका भिंतीशी फुटका पृथ्वीगोल, दुसऱ्या भिंतीशी मोडक्या तराजूंचे कपाट, आणि खिडकीखाली जुन्या मेजावर आमचा बिनतारी संच. संचातून निघालेली केबल खिडकीतून गच्चीवर जाते आणि तेथून मैदानाच्या कडेच्या आंब्यापर्यंत ताणलेल्या सुमारे वीस मीटर लांबीच्या तारेला मिळते. हे आमचे एरियल. बेळगावच्या पावसाळ्यात या खोलीच्या भिंतींना ओल येते, वह्यांची पाने मऊ पडतात, आणि तरीही दर रविवारी सकाळी आठ वाजता विज्ञान मंडळाचे आम्ही पाचजण येथे हटकून जमतो.

परीक्षा देऊन सरकारी परवाना मिळविल्यावाचून अशा संचावरून बोलता येत नाही. तो परवाना आमच्या विज्ञानाच्या सरांपाशी आहे. म्हणून माइक सरांच्या हाती व नोंदवही आमच्या हाती, अशी कामाची वाटणी पहिल्या दिवसापासून ठरून गेली आहे. सरांनी बोलावयाचे आणि आम्ही ऐकून लिहावयाचे. गेल्या पावसाळ्यात या ऐकण्याच्या कामात आमच्याकडून जी चूक घडली, तिची हकीकत वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. चूक आमची असल्यामुळे ती सांगताना थोडा संकोच वाटतो. परंतु ती सापडली कशी, हे सांगण्याजोगे आहे.

हौसेखातर बिनतारी संच चालविणाऱ्यांना जगभर ‘हॅम’ म्हणतात. हा नुसता पोरखेळ नव्हे, हे सरांनी आम्हांस आरंभीच सांगितले होते. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद आपल्या सहकाऱ्यांसह हौशी प्रक्षेपणासाठी अंदमानात गेल्या होत्या. २६ तारखेला त्सुनामीच्या लाटा आल्या आणि बेटांचा इतर संपर्क तुटला, तेव्हा त्यांच्या संचांवरून निरोपांची ने-आण झाली. आमच्या वाट्याला असा प्रसंग आलेला नाही. आमच्या वाट्याला आले ते खानापूर तालुक्यातील एक आजोबा.

आजोबा पूर्वी तार खात्यात होते. देशातील तारसेवा २०१३ च्या जुलै महिन्यात बंद झाली. पण आजोबांच्या बोटांतील कडकट्ट काही गेली नाही. निवृत्तीनंतर त्यांनी हॅमचा परवाना घेतला आणि रानाच्या कडेच्या आपल्या कौलारू घरात बॅटरीवर चालणारा लहानसा संच मांडला. त्यांचे गाव आमच्या शाळेपासून तीसएक किलोमीटर. मध्ये डोंगर, झाडी, आणि पावसाळ्यात फोनचा भरवसा नाही. परंतु सात मेगाहर्ट्‌झच्या लहरींना डोंगराची पर्वा नसते. त्या जवळजवळ सरळ वर जातात, दोनअडीचशे किलोमीटर उंचीवरील विद्युद्भारित थरांवरून वळतात आणि खाली येतात. म्हणजे शेजारच्या तालुक्यातील आजोबांचा आवाज आमच्याकडे यावयाचा तो सुमारे पाचशे किलोमीटरची वाटचाल करून! ही वाटचाल तो एका सेकंदाच्या सुमारे सहाशेव्या भागाइतक्या वेळात करतो, हे गणित आम्ही वहीत करून पाहिले आहे.

आजोबांनी अंगणात पर्जन्यमापक बसविला आहे. दर रविवारी ते आधी सरांची विचारपूस करीत, मग “बाळांनो, पेन्सिल घ्या” असे म्हणून आठवड्याच्या सातही दिवसांचा पाऊस मिलिमीटरांत सांगत. आमच्या नोंदवहीत त्यासाठी एक वेगळा रकाना आखलेला आहे. आकडे सांगून झाले की कधी ओढ्याचे पाणी साकवावर आल्याची, तर कधी भाताची लावणी उरकल्याची बातमी कळे. आम्हांपैकी कोणीही आजोबांना पाहिलेले नव्हते. तरी रविवारी ‘पेन्सिल घ्या’ हे शब्द कानी पडले नाहीत, तर आठवड्याचा आरंभच झाला नाही असे आम्हांस वाटे.

जुलैच्या पहिल्या रविवारी आजोबांचा आवाज फार क्षीण आला. दुसऱ्या रविवारी तो मुळीच आला नाही. सरांनी तीन वेळा हाक दिली, आम्ही कान देऊन बसलो, आणि अखेर रकान्यात लिहिले : ‘ऐकू आले नाही.’ पुढचे तीन रविवार तोच प्रकार. चार रविवारी आमच्या वहीत तेच तीन शब्द एकाखाली एक उभे राहिले.

कारणे शोधावयास आम्हांस वेळ लागला नाही. एक म्हणाला, आजोबांची बॅटरी उतरली असेल. दुसऱ्याने त्यांच्या एरियलवर झाडाची फांदी पाडली. इतर केंद्रेही कमी ऐकू येत. त्याचा दोष आम्ही आकाशावर टाकला. एकाने तर हलक्या आवाजात, आजोबांचे आता वयच झाले, असे म्हटले आणि आम्ही सारे गप्प झालो. चार रविवारांत आम्ही डझनभर कारणे शोधली. त्यांतील एकही कारण आमच्या खोलीतील नव्हते.

चौथ्या रविवारनंतरच्या बुधवारी शाळेच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड आले. पावसाने पत्ता थोडा फुटला होता, पण अक्षर तार खात्यातले, एकेक सुटे. आजोबांनी लिहिले होते की, चारही रविवारी सरांचा आवाज घरात बोलल्यासारखा स्वच्छ आला. दर वेळी त्यांनी उत्तर दिले. दर वेळी सर पुन्हा हाकच देत राहिले आणि मग बंद झाले. शेवटच्या ओळीचा आशय असा होता : मुलांना पावसाचे आकडे लिहून कंटाळा आला असल्यास तसे मोकळेपणाने सांगावे, मला राग येणार नाही.

सरांनी ते कार्ड मोठ्याने वाचले व मेजावर ठेवले. खोलीत कोणीही काही बोलले नाही. आजोबा चार रविवार आम्हांला हाक मारीत होते, आणि आम्ही त्यांच्या बॅटरीची व वयाची चर्चा करीत बसलो होतो.

“चला,” सर म्हणाले, “आता दोष शोधायचा. पण पहिलं बोट आपल्याकडे.”

बिनतारी संचात बोलणारा एक भाग असतो व ऐकणारा एक. त्यांना प्रक्षेपक व ग्राहक म्हणतात. एरियल मात्र दोघांत मिळून एकच. जे एरियल लहरी चांगल्या फेकते, ते त्या चांगल्या झेलतेही, हा निसर्गाचा नियम आहे. आमचा आवाज आजोबांकडे स्वच्छ पोचत होता. त्या अर्थी आमचे एरियल, केबल व तिचे सांधे यांवर संशय घेण्यास फारशी जागा नव्हती. तरीही सरांनी मीटर लावून एरियल तपासविले. ते निर्दोष निघाले. मग आम्ही संचाची बटणे एकेक करून पाहिली. आलेला संकेत मुद्दाम कमी करणारे एक बटण संचावर असते. ते चुकून दाबले गेले म्हणजे मंडळी दिवसचे दिवस फसतात. आमचे बटण जागच्या जागी होते. ग्राहकाची शक्ती कमीजास्त करणारी खुंटीही पुरती फिरविलेली होती.

तिसरा संशय गोंगाटाचा. विजेचे आधुनिक दिवे, इन्व्हर्टर, मोबाइलचे चार्जर यांतून बारीक खरखर निघते आणि क्षीण आवाज तिच्यात बुडून जातात. म्हणून शाळेचा मुख्य खटका पाडून आम्ही संच बॅटरीवर चालविला. काही फरक पडला नाही. तेव्हा आमच्यातील एकजण म्हणाला, “सर, खरखर मुळीच नाही. उलट महिनाभर संच किती छान शांत झालाय!”

सर त्याच्याकडे पाहतच राहिले. मग त्यांनी काही न बोलता संचाच्या पाठीमागची एरियलची केबल काढली व आम्हांस ऐकावयास सांगितले. कर्ण्यातून मंद सूं सूं येत होती. त्यांनी केबल पुन्हा लावली. तीच सूं सूं. पुन्हा काढली, पुन्हा तीच.

“सात मेगाहर्ट्‌झवर आकाश कधी गप्प नसतं,” सर म्हणाले. “कुठे ना कुठे वीज चमकत असते, तिची खरखर दुरून येत असते. चांगल्या संचाला एरियल लावलं की आवाज वाढलाच पाहिजे. नाही वाढला, तर संचाला आकाश ऐकू येत नाही. तुम्ही ज्याला शांतता म्हणता, तो बहिरेपणा आहे.”

ही शांतता आम्हांस महिनाभर आवडत होती, ही गोष्ट आम्हांस आजही बोचते.

त्या दिवशी सरांनी नोंदवही मागील पानांपासून काळजीपूर्वक वाचली. दुसऱ्या रविवारच्या नोंदीखाली, समासात, पेन्सिलने बारीक अक्षरांत एक ओळ होती : ‘सरांची हाक संपताच क्षणभर खरखर वाढली, मग गेली.’ ओळ आठवीतल्या आमच्या धाकट्या सोबतिणीची होती. “सर, मी तेव्हाच सांगितलं होतं,” ती म्हणाली. “दादा म्हणाले, तुला भास झाला.” ‘दादा’ म्हणजे आम्ही दहावीचे. त्या क्षणी आम्ही सगळे दादा पृथ्वीगोलाकडे पाहू लागलो.

पाचव्या रविवारी सरांनी घरून आपला लहान रेडिओ आणला. त्याला असे हॅमचे आवाज पकडता येतात. खिडकीबाहेर पाच मीटर तार सोडून तो आम्ही मेजाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. आठ वाजता सरांनी मोठ्या संचावरून हाक दिली व माइकचे बटण सोडले. मोठा संच मुका. लहान रेडिओ खरखरला, आणि त्या खरखरीतून, दूरचा पण ओळखीचा, आवाज आला. आजोबा आपले बोधचिन्ह सांगत होते. पोस्टकार्ड टाकल्यानंतरही ते ठरल्या वेळी संचापाशी येऊन बसले होते.

सरांनी त्यांना सांगितले, “आजोबा, मुलं कंटाळली नाहीत. दोष आमच्या कानांत आहे. एका रविवारची मुदत द्या.”

लहान रेडिओतून हसल्यासारखा आवाज आला, आणि मग, “दिली.”

आता दोष संचाच्या ग्राहक विभागात आहे हे ठरले. पण नेमका कोठे? सरांच्या ओळखीने एका महाविद्यालयातून आठवड्यापुरता सिग्नल जनरेटर मिळाला. हे यंत्र हव्या त्या कंप्रतेचा व हव्या तेवढ्या मोजक्या ताकदीचा संकेत तयार करते. तो संचाला जोडण्यापूर्वी सरांनी माइक काढून कपाटात ठेविला; कारण जनरेटर जोडलेला असताना चुकून बोलण्याचे बटण दाबले, तर प्रक्षेपकाचे शंभर वॉट त्या नाजूक यंत्रात घुसावयाचे.

संचाच्या तोंडावर एक मीटर असतो, त्यावर आलेल्या संकेताचे बळ दिसते. लघुलहरींवर पन्नास मायक्रोव्होल्टचा संकेत दिला असता काटा नऊवर जावा, असा संकेत आहे. आणि तेथून खाली प्रत्येक अंकाला दाब निम्मा होतो. आम्ही एरियलच्या जागी बरोबर पन्नास मायक्रोव्होल्ट दिले. काटा तीनवर थांबला. सहा अंकांचा तोटा. दोनाचा सहावा घात चौसष्ट. म्हणजे दारात येणाऱ्या आवाजाचा चौसष्टावा हिस्साच आत पोचत होता. दांडगी केंद्रे एवढे देऊनही ऐकू येत. आजोबांच्या लहानशा संचाला ते परवडण्यासारखे नव्हते.

मग वीज तोडून झाकण काढले. दोष शोधण्याची रीत विहिरीवरून येणाऱ्या पाटाची गळती शोधण्यासारखीच आहे : टप्प्याटप्प्याने पाणी कोठवर येते ते पाहावयाचे. एरियलकडून आत येणाऱ्या वाटेवर पहिलाच मुक्काम रिलेचा. रिले हा रेल्वेच्या सांधेवाल्यासारखा असतो. बोलण्याचे बटण दाबले की तो एरियलला प्रक्षेपकाशी जोडतो, सोडले की ग्राहकाशी. सरांनी जनरेटरचा संकेत रिले ओलांडून थेट ग्राहकाच्या तोंडाशी दिला. काटा टप्पदिशी नऊवर गेला! आतला सारा ग्राहक धडधाकट होता. त्याचे कानच तेवढे दारात अडकले होते.

रिलेच्या आत टिकलीएवढी धातूची टोके एकमेकांना टेकतात. पावसाळी हवेने त्यांवर अत्यंत पातळ पापुद्रा धरला होता. येथे आमच्या मनात शंका आली, ती वाचकांच्याही मनात येईल. हवा तर सगळ्याच टोकांना तीच. मग बोलण्याच्या बाजूची टोके कशी बिघडली नाहीत? सरांनी फळ्यावर हिशेब मांडला. शंभर वॉटनी बोलताना त्या टोकांवर सुमारे सत्तर व्होल्टचा दाब येतो. ऐकताना क्षीण आवाजाचा दाब असतो एका व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाचा पाव हिस्सा. दोहोंत अंतर अठ्ठावीस कोटी पटींचे! सत्तर व्होल्ट पापुद्र्याला फोडून पार जातात, आणि बोलता बोलता बोलण्याची वाट आपोआप साफ राहते. ऐकण्याच्या वाटेने जे येते ते इतके हळुवार असते की, त्याला पापुद्रा फोडता येत नाही. ते दारातच थांबते. सरांची हाक संपून रिले मागे फिरला की टोके एकमेकांवर घासत, क्षणभर वाट मोकळी होई, आणि पुन्हा मिटे. आठवीतल्या मुलीला ऐकू आले होते ते हेच. भास तिला झाला नव्हता.

हे ऐकून आम्हांस नवल वाटले, तेव्हा सर म्हणाले की ही गोष्ट बिनतारीइतकीच जुनी आहे. फ्रान्समधील ब्रान्ली यांनी १८९० साली दाखविले होते की, काचेच्या नळीत भरलेला धातूचा कीस एरवी वीज अडवितो, पण जवळपास ठिणगी पडताच ती वाहू देतो. नळीला टिचकी मारली की पुन्हा अडवू लागतो. बिनतारीचे आरंभीचे ग्राहक या नळीवर चालत. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी टिचकीवाचून आपोआप पूर्वस्थितीला येणारी रचना करून तिचा अभ्यास १८९९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला होता. एकमेकांना टेकलेल्या दोन धातूंमध्येही दुरावा असू शकतो, हे त्या थोरांनी तेव्हाच ओळखले होते. आम्हांस ते कळावयास एक पोस्टकार्ड यावे लागले.

दुरुस्ती मात्र अगदी साधी निघाली. रिलेचे टोपण काढले, स्वच्छ जाड कागदाची पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवून टोकांच्या मध्ये घातली, टोके हलकेच मिटली आणि पट्टी ओढून घेतली. पट्टीवर करडी रेघ उमटली. दोनतीनदा असे केल्यावर रेघ उमटेनाशी झाली. एकाने काचकागद पुढे केला होता. परंतु त्याने टोकांवरील मुलामा खरवडून जातो आणि आजचा उपाय उद्याचा रोग होतो, म्हणून सरांनी त्याला परत पाठविले. पुन्हा पन्नास मायक्रोव्होल्ट दिले. काटा नऊवर. केबल लावली, आणि आकाशाची खरखर खोलीभर झाली. ती खरखर त्या दिवशी आम्हांस सनईसारखी गोड लागली. पुढे महिन्याभरात नवा रिले मागवून सरांनी तो आमच्यादेखत डाग देऊन बसविला.

सहाव्या रविवारी आठाला पाच मिनिटे असतानाच आम्ही पाचजण पेन्सिली घेऊन बसलो होतो. सरांनी हाक दिली. आजोबांचा आवाज खोलीत बोलल्यासारखा आला. “बाळांनो, पेन्सिल घ्या,” ते म्हणाले, “आज बरंच लिहायचं आहे.” त्यांनी या आठवड्याचे आकडे सांगितले नाहीत. त्यांनी आपली वही उघडून जुलैच्या दुसऱ्या रविवारपासून आरंभ केला. जे आकडे त्यांनी चार रविवार कोणी ऐकत नसताना सांगितले होते, तेच सारे, दिवसागणिक, न कंटाळता पुन्हा सांगितले. प्रत्येक आठवड्यानंतर ते थांबत आणि विचारीत, “आलं का सगळं?” आणि सर म्हणत, “आलं.”

आकडे लिहावयास रकान्यात जागा नव्हती. तेथे चार वेळा ‘ऐकू आले नाही’ हे शब्द बसले होते. आम्ही ते खोडणार, तोच आठवीतली आमची सोबतीण म्हणाली, “खोडू नका, दुरुस्त करा.” मग आम्ही आकडे समासात लिहिले आणि रकान्यातील शब्द दुरुस्त केले. आता तेथे चार वेळा लिहिलेले आहे : ‘आम्ही ऐकले नाही.’

तेव्हापासून आमचा एक नियम आहे. रविवारी संच सुरू केल्यावर, सरांनी हाक देण्यापूर्वी, आम्ही एरियलची केबल एकदा काढतो व लावतो. खरखर वाढली तरच सर माइक उचलतात. हे काम आम्ही आठवीकडे सोपविले आहे.

— विज्ञान मंडळातील विद्यार्थी, इयत्ता दहावी